हयवदनरावांचा बाहेर पडायचा रस्ता

हयवदनराव कारखान्याच्या गेटवर रोज दुपारी सगळ्यांच्या आधी पोचत, आणि पोचून सायरनची वाट बघत उभे राहत. सायरन चारला व्हायचा. त्याआधी गेट उघडत नसे, मग तुम्ही पहिले आलेले असा नाहीतर शेवटचे. "मग एवढी घाई कशाला करता?" असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "आत बसण्यापेक्षा गेटशी उभं राहिलेलं बरं. बाहेरचं झाड दिसतं."

हे आमचे घरमालक. जे. पी. नगरात त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर; खाली ते आणि कृष्णवेणीअक्का, वर मी एकटा भाडेकरू. मी पुण्याहून एका संशोधन संस्थेत नोकरीला आलो होतो आणि मराठी बोलणारा घरमालक मिळाला म्हणून खुशीत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला, "स्वल्प थांबा, नीर सोडतो," असं अस्सल मराठीत सांगितलं. मी आदबीने थांबलो. कशासाठी थांबलोय ते नळाला पाणी आल्यावर कळलं. त्यांचं घराणं बंगळूरात किती पिढ्या आहे ते त्यांनाही सांगता येत नसे. देवाला मराठी, दुकानदाराला कन्नड आणि साहेबाला इंग्रजी अशी घरची विभागणी होती, आणि गडबडीत कधीकधी देवाला कन्नडही ऐकून घ्यावं लागे.

यशवंतपूरच्या पलीकडे एका सरकारी कारखान्यात ते ज्युनियर ड्राफ्ट्समन, ग्रेड टू होते. वडीलही तिथेच होते. हयवदनरावांच्या डोक्यावरची ग्रेड वनची जागा एका गृहस्थांनी वर्षानुवर्षं अडवून ठेवली होती. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने जागाच रद्द केली. मध्ये एकदा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीने त्यांना बोलावलं होतं. पण आई म्हणाल्या, "सरकारी सोडून खाजगीत गेलास तर लोक विचारतील, काय केलंस म्हणून." आई पुढे दोन वर्षांनी गेल्या. कंपनी तेवढी थांबायला तयार नव्हती.

सत्त्याण्णव साल उजाडलं तोवर कारखान्याकडे कामच उरलं नव्हतं. ऑर्डरी आटल्या होत्या. पण सकाळी साडेसातला गेट बंद व्हायचं ते व्हायचंच. ड्रॉइंग सेक्शनचे साहेब मोहनकुमार यांचं एकच तत्त्व होतं. काम नसलं तरी चालेल, माणूस जागेवर दिसला पाहिजे. माणसं जागेवर दिसत. हयवदनराव आधी पेपर वाचत, मग पेपरातल्या जाहिराती, मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना. "दहा वाजेपर्यंत मी बंगळूरात कुणाचं काय हरवलंय ते सगळं सांगू शकायचो," ते म्हणत, "आणि चार वाजायला सहा तास असायचे."

सेक्शनमध्ये आराखडे काढायला चार कॉम्प्युटर आले होते. ते बसवायला आलेल्या इंजिनिअरने जाताना एका मशीनमध्ये एक गेम सोडून दिला. गेम साधा होता. काळोखं तळघर, बोळ, लोखंडी दारं, कोपऱ्याकोपऱ्यावर राक्षस, आणि शेवटी कुठेतरी बाहेर पडायचं एक बटण. आपल्या हातात बंदूक. मारत मारत जायचं आणि बाहेर पडायचं. हयवदनराव घरात कांदा न आणणारे. ते बंदुकीकडे बघत बसले.

सेक्शनचा हेल्पर शिवाप्पा मागे उभा होता. तो म्हणाला, "मारा ना सार्. राक्षस आहे."

"असेल. माझं काय बिघडवलंय त्याने?"

"आता बिघडवतोय ना सार्. बघा, खाल्लं तुम्हाला."

पहिला आठवडाभर त्यांना रोज खाल्लं. पण ते काही मारेनात. त्यांनी दुसरा मार्ग धरला. राक्षसाची पाठ असेल तेव्हा निसटायचं, दोघं असतील तर त्यांची आपसात जुंपून द्यायची, खांबाआडून वाट काढायची. सरकारी नोकरीचा अनुभव इथे फार कामाला आला. एके दिवशी ते कुणालाही न दुखावता बटणापर्यंत पोचले, आणि पडद्यावर त्यांना लागलेला वेळ उमटला. दुसऱ्या दिवशी तो थोडा कमी झाला. तिसऱ्या दिवशी आणखी. हरवल्या-सापडल्याच्या सूचना वाचणं त्या दिवसापासून बंद झालं.

मला हे त्यांनी गच्चीवर सांडगे राखताना सांगितलं. सुरात थोडी लाज होती. "मधुकर, वेडेपणा आहे, पण विचारतो. असं लवकर बाहेर पडणारे आणखी कुणी असतील का?"

आमच्या संस्थेत ईमेल होतं, इंटरनेट होतं. मी जेवणाच्या सुट्टीत शोधलं, आणि माणसाच्या कल्पनेच्या आधी तिथे कुणीतरी पोचलेलं असतं याचा पुरावाच मिळाला. फिनलंडमधल्या युक्का नावाच्या माणसाने एक पानच चालवलं होतं. जगभरचे लोक तोच गेम पळत खेळायचे. कोण किती कमी वेळात बाहेर पडतो त्याचे तक्ते होते. गेममध्येच खेळाचं रेकॉर्डिंग करायची सोय होती. ते एवढंसं असायचं की फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावेल. ते युक्काला पाठवायचं, तो ते आपल्या मशीनवर चालवून बघायचा, आणि खरं असलं तर तक्त्यात नाव. रेकॉर्डिंगसोबत चार ओळी लिहायची रीत होती. आपण कोण, कुठे चुकलो, कुणाकडून काय शिकलो.

हयवदनरावांनी त्या चार ओळी ऑफिसचं टिपण लिहितात तशा लिहिल्या. 'वरील विषयास अनुसरून' पासून सुरुवात, आणि खाली सही, हुद्दा, ज्युनियर ड्राफ्ट्समन, ग्रेड टू. तिथे सगळेजण टोपणनावाने वावरायचे, त्यामुळे हेही टोपणनावच असावं असा युक्काचा समज झाला. महिन्याभरात फिनलंडपासून हॉलंडपर्यंत सगळे त्यांना 'ग्रेड टू' म्हणू लागले. मी खुलासा करू का म्हणून विचारलं. "नको," ते म्हणाले. "इथेही तेच म्हणतात. फक्त तिथे प्रेमाने म्हणतात."

युक्काने उत्तरात दोन गोष्टी कळवल्या. एक, तुम्ही सरळ पळता ते चूक आहे. पुढे जायचं आणि बाजूला सरकायचं, अशी दोन्ही बटणं एकदम दाबली की माणूस तिरका जातो आणि सरळ जाणाऱ्याच्या आधी पोचतो. हयवदनरावांनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या कारखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. मलाच कुणी सांगितलं नाही." दुसरी गोष्ट अशी की कुणालाही न मारता बाहेर पडणाऱ्यांचा तिथे वेगळा वर्गच होता. मारणारे वेगळे, न मारणारे वेगळे, तक्ते वेगळे.

कृष्णवेणीअक्का ताक घुसळत ऐकत होत्या. "म्हणजे पंगतीसारखंच की," त्या म्हणाल्या. "सोवळ्यातले वेगळे."

एरवी अक्कांना ह्या प्रकाराचं कौतुक नव्हतं. "ह्यांना बाजारात नेणं सोडलंय मी," त्या मला सांगत. "भाजीवालीकडून नारळवाल्याकडे तिरके जातात. मधल्या बायका मला विचारतात, अक्का, यजमानांना चक्कर येते का?" कारखान्यातही हयवदनरावांनी सेक्शनपासून गेटपर्यंतचा रस्ता बसवला होता. स्टोअरच्या मागून, कँटीनच्या मोरीच्या दारातून, भट्टीच्या शेडच्या कडेने. सुरुवातीला सांगितलं ते सगळ्यांच्या आधी पोचणं, ते असं.

पण हसण्यावारी नेता नेता त्यांनी एकदा जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, "मधुकर, त्या तळघरातून मी मिनिटाच्या आत बाहेर पडतो. मग मान वर करतो. साडेनऊ वाजलेले असतात. पुन्हा आत जातो, पुन्हा बाहेर पडतो. दिवसात शंभरदा बाहेर पडत असेन. आणि चारपर्यंत तिथेच असतो." सांगताना ते हसले नाहीत. मग वाळत घातलेला टॉवेल त्यांनी उगाच उलटा करून घातला.

त्यांना आता एकच हवं होतं. न मारणाऱ्यांच्या तक्त्यात पहिलं नाव युक्काचं होतं, त्या जागी आपलं. आयुष्यात एकदा कुठल्यातरी यादीत वरती. ग्रेड वन म्हणा ना.

अडचणी आल्याच. फ्लॉपी ते जेवणाच्या रिकाम्या डब्यातून बाहेर आणत, कारण कारखान्यातून परवान्याशिवाय कागदही नेता येत नसे. ऑगस्टात दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात तांब्याची तार सापडली आणि गेटवर सगळ्यांचे डबे उघडून बघायला सुरुवात झाली. हयवदनरावांचा ताकभाताचा डबा रोज हुंगला जाऊ लागला. पाठोपाठ बातमी आली की चारही कॉम्प्युटर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नव्या युनिटला जाणार. दसऱ्यानंतर लगेच. ड्रॉइंग सेक्शनने पुन्हा बोर्डावर काम करावं, म्हणजे काम आलं तर.

म्हणजे दसऱ्यापर्यंत काय ते. हयवदनराव चहालाही उठेनासे झाले. मोहनकुमारसाहेब त्यांच्याकडे बोट दाखवून इतरांना सांगू लागले, "बघा, ह्याला म्हणतात जागेवर दिसणं."

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी सेक्शनमध्ये धुणंपुसणं चाललं होतं. शिवाप्पा पंख्याची पाती पुसत शिडीवर होता आणि त्याने सगळं वरून पाहिलं. हयवदनराव तळघरात शिरले, पहिल्या खांबाला अंग घासून तिरके गेले, दोन राक्षसांच्या मधून असे निसटले की ते दोघं एकमेकांना धडकले, आणि जे दार उघडायला नेहमी थांबावं लागे ते त्या धडकेच्या गडबडीत उघडंच सापडलं. बटण. पडद्यावर युक्कापेक्षा सेकंदभर कमी वेळ. रेकॉर्डिंग चालू होतं.

"झालं का सार्?" शिवाप्पाने वरून विचारलं.

"झालं," हयवदनराव म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. मशीनवर आराखड्यांखेरीज काही दिसता कामा नये, नव्या युनिटची माणसं पूजेलाच येताहेत. हयवदनरावांची स्वतःची फ्लॉपी एकच होती. त्यांनी रेकॉर्डिंग तिच्यात घेतलं, मशीनमधून गेम पुसला, फ्लॉपी ड्रॉवरात ठेवली आणि रिकाम्या हातांनी गेटशी जाऊन उभे राहिले.

आयुधपूजेचा दिवस हा वर्षातला एकच दिवस, जेव्हा कारखान्यात कुटुंबांना सोडत आणि बायकांच्या पिशव्या कुणी बघत नसे. म्हणून आदल्या संध्याकाळीच त्यांनी अक्कांना स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्याला काय हवंय हे त्यांनी बायकोला पहिल्यांदाच सांगितलं असावं. मी दूध घ्यायला खाली आलो होतो तो जिन्यातच थबकलो.

"म्हणजे त्यात तुमचं काम आहे," अक्का म्हणाल्या.

"काम असं नाही."

"चौदा वर्षांत तुमच्या कामाबद्दल तुम्ही एवढं बोलला नाहीत. काम नाही तर काय आहे?" मग जरा थांबून, "सरी. मी आणते पिशवीतून. चुरमुऱ्यांच्या खाली घालते."

दुसऱ्या दिवशी मलाही नेलं. गेटला केळीचे खांब, लेथना शेवंतीच्या माळा, क्रेनच्या हुकालासुद्धा लिंबू. ड्रॉइंग सेक्शनमध्ये शिवाप्पा भटजी झाला होता. टी-स्क्वेअर, कंपास, कॉम्प्युटर, प्रिंटर, पंचिंग मशीन, सगळ्यांना गंध लागलं. साहेबांच्या खुर्चीलाही लागलं. ती वर्षभर सर्वांत जास्त वापरात असल्यामुळे कुणाची हरकत नव्हती. हयवदनराव नव्या युनिटच्या पाहुण्यांना बोर्ड दाखवत होते. अक्का त्यांच्या टेबलापाशी एकट्या होत्या.

कोहळा फोडून झाला, चुरमुरे-फुटाणे वाटून झाले. आम्ही बाहेर पडलो. पिशवी कुणी बघितली नाही. बसमध्ये अक्का हयवदनरावांच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी तिची पूजा केली. सगळ्यांच्या आयुधांची झाली, तुमचंच ड्रॉवरात पडलेलं. बरं दिसेना मला."

"बरं केलंस."

"नुसतं बाहेरच्या प्लास्टिकला लावून काय उपयोग? तो पत्र्याचा दरवाजा आहे ना, तो सरकवला. आत गोल काळं आहे, शाळिग्रामासारखं. त्याला लावलं. गंध, कुंकू, दोन अक्षता."

बस यशवंतपूरच्या बाजारातून चालली होती. हयवदनरावांनी पिशवीत हात घातला, फ्लॉपी काढली, पत्र्याची पट्टी अंगठ्याने सरकवली. आत कुंकवाचा ओला, रेखीव टिळा होता, आणि एक अक्षत चिकटलेली. त्यांनी पट्टी पुन्हा लावली. खिडकीशी अक्का होत्या, दुसऱ्या बाजूला उभे असलेले लोक, समोर सीट. त्या माणसाला चेहरा लपवायला जागा नव्हती. ते म्हणाले, "छान केलंस." आणि घर येईपर्यंत चुरमुरे खात राहिले, एकेक.

सुट्टीनंतर मी ती फ्लॉपी संस्थेत नेली. स्पिरिटने पुसली. मशीनमध्ये घातली तेव्हा आतून खोबरं किसल्यासारखा आवाज आला. फ्लॉपी वाचली गेली नाहीच, आणि मशीनमधून पुढे आठवडाभर जी येईल ती फ्लॉपी लालसर होऊन बाहेर येत होती. दुरुस्तीच्या माणसाने मला विचारलं, "साहेब, ह्यात लग्न लागलं होतं का?"

कारखान्यातली मशीनं तोवर ट्रकमध्ये चढली होती.

मी युक्काला सगळं लिहिलं, कुंकू म्हणजे काय तेही लिहिलं. त्याचं उत्तर फार सभ्य होतं. 'ग्रेड टूवर माझा विश्वास आहे, पण रेकॉर्डिंगशिवाय नाव लावता येत नाही. नियम मीच केलाय.' हयवदनराव म्हणाले, "बरोबर आहे. परवान्याशिवाय बाहेर कसं सोडणार?" मग त्यांनी ट्रेसिंग पेपर घेतला आणि पूर्ण तळघराचा आराखडा काढला, मापांसकट. खांब कुठे, तिरकं वळायचं कुठे, दोन राक्षसांची धडक कशी घडवायची. तो बघत बघत मी सगळं इंग्रजीत उतरवून पाठवलं. निदान रस्ता तरी बाहेर जाऊ दे, म्हणाले.

डिसेंबरात हॉलंडमधल्या एका पाववाल्याने त्या रस्त्याने जाऊन युक्काचा विक्रम मोडला. त्याच्या चार ओळींत लिहिलं होतं, 'रस्ता माझा नाही. बंगळूरच्या ग्रेड टूचा आहे. मी फक्त पळालो.' मी धावत खाली जाऊन वाचून दाखवलं. हयवदनरावांनी विचारलं, "वेळ किती लागला त्याला?" मी सांगितला. "माझ्यापेक्षा थोडा जास्तच आहे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

अक्कांनी आतून विचारलं, "आला का हो ह्यांचा नंबर?"

माझ्याआधी तेच म्हणाले, "आला."

अक्कांनी त्या दिवशी साखरभात केला. फ्लॉपी देव्हाऱ्यात गेली, शाळिग्रामाच्या शेजारी. हयवदनराव रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहून पूजा करत आणि साडेसातच्या आत गेटमधून आत जात. बायकोने इतक्या मनाने केलेली गोष्ट, तिला चूक म्हणायची सोय नव्हती. कारखान्यातून निदान चारला सुटका होती. ह्यातून नव्हती.

पुढच्या आयुधपूजेला कारखान्याने कुटुंबांना बोलावलं नाही, खर्च कमी करायचा म्हणून. पूजा घरीच झाली. विळी, शिवणयंत्र, माझी स्कूटर. शेवटी अक्कांनी देव्हाऱ्यातून फ्लॉपी काढली. हयवदनराव तिकडे बघायचं टाळून दाराच्या तोरणाकडे बघत होते. मी मात्र बघत होतो. अक्कांनी पत्र्याच्या पट्टीला बोटही लावलं नाही. टिळा कागदी लेबलावर लावला, जरा बाजूला, जिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"इथे चालतं ना?" त्यांनी विचारलं. "शिवाप्पा बाजारात भेटला होता. तो म्हणाला, आत लावत नसतात."

"कधी भेटला?"

"मागल्या दिवाळीत."

म्हणजे साखरभाताच्याही आधी. हयवदनरावांची नजर तोरणावरून फ्लॉपीकडे आली. अक्का ताम्हनात पाणी सोडत राहिल्या. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "तुमचं ते धावणं अजून आहे का ह्यात?"

"आहे की," हयवदनराव म्हणाले. "आत आहे. बाहेर येता येत नाही, एवढंच."

"मग राहू दे आत," अक्का म्हणाल्या. "माझ्याजवळ काय त्रास आहे त्याला?" आणि चुरमुऱ्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.